पत्र्याच्या घरातली थंडी आणि दाराआडची शेगडी

वाचकाचं पत्र

आमची वस्ती निफाड तालुक्यात, मळ्यात आहे. विटांच्या भिंती, वर पत्रा, एक मोठी खोली आणि पुढं पडवी. गावात दिरांचं स्लॅबचं घर आहे, पण द्राक्षबाग सांभाळायची म्हणून आम्ही मळ्यातच राहतो. घरात दम्याच्या सासूबाई आणि माझी पाच महिन्यांची मुलगी. डिसेंबर लागला की पहाटे पत्र्यावरून अंथरुणावर पाणी ठिबकतं. गेल्या वर्षी रूम हीटर आणला, तर खोली तापत नाही आणि वरचेवर फ्यूज उडतो. सासूबाई रात्री घमेल्यात निखारे भरून खोलीत ठेवतात आणि दार-खिडकी लावून घेतात. सकाळी माझं डोकं जड असतं, मळमळतं. दुपारपर्यंत बरं वाटतं. त्या म्हणतात, आम्ही जन्मभर असंच केलं, कुणाला काही झालं नाही. मालकांना रात्रीची लाइट असली की पाणी भरायला जावं लागतं, तेव्हा या दोघींना घेऊन मी एकटीच असते. नवं घर बांधायची ऐपत नाही. कमी खर्चात घर गरम कसं ठेवू?

— एक सून, निफाड तालुका

उत्तर

ताई,

आज रात्रीपासून निखाऱ्यांचं घमेलं खोलीत नेऊ नका. खाली लिहिलेलं बाकीचं चार दिवसांनी केलंत तरी चालेल, हे मात्र आजच करा. सकाळी डोकं जड, मळमळ, आणि बाहेर मोकळ्या हवेत वावरल्यावर दुपारपर्यंत बरं वाटणं, हे वाचून मला धास्तीच वाटली. कोंडलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठला की असंच होतं. त्याला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांत जातो, खोकला येतो, माणूस उठून दार उघडतो. निखारे धूर करत नाहीत म्हणून निर्धोक वाटतात, आणि हा वायू तर त्यांच्यातूनच भरपूर निघतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. झोपेतल्या माणसाला गुंगी कधी चढली ते कळत नाही, आणि काही जण उठतच नाहीत. दर थंडीत देशात कुठे ना कुठे अशी अख्खी कुटुंबं जातात.

तुमच्या मुलीला डोकं दुखतं हे सांगता येणार नाही. ती नुसती किरकिर करेल, नीट पिणार नाही, नाहीतर गपगार पडून राहील आणि आपल्याला वाटेल, शांत झोपली आहे. सासूबाईंची छाती आधीच नाजूक. म्हणजे या खोलीत ज्यांना सगळ्यात आधी बाधा होईल, त्या दोघींनाच ऊब मिळावी म्हणून हे घमेलं आत येतं आहे.

पुन्हा कधी अशी शंका आली तर दारं उघडा, आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर खोलीत निखारे होते हे स्वतःहून सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवं असतं, आकडा चांगला दाखवतं. डॉक्टरांना कारण माहीत असेल तरच ते योग्य ती रक्ततपासणी करतील. आणि सकाळच्या तुमच्या त्या त्रासाबद्दल येत्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवून या, सोबत मुलीला आणि सासूबाईंनाही न्या.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. त्यांनी जन्मभर शेगडी घेतली असेल आणि काही झालंही नसेल. पण ते घर कोणतं होतं, हे त्यांनाच विचारा. कौलारू असेल तर कौलांच्या सांध्यांतून हवा रात्रभर ये-जा करत होती. धाब्याचं असेल तर छताला धारं, म्हणजे हवा-उजेडाचं भोक, असणार आणि दारं फळ्यांची, बोट जाईल एवढ्या फटींची. आजची खोली सिमेंटच्या गिलाव्याची, खिडकीला काच, वर सलग पत्रा. शेगडी तीच राहिली, घर बदललं. माझ्या मते त्यांच्याशी याच वाटेनं बोलावं. ‘तुमचं चुकतं’ म्हणण्यापेक्षा ‘हे घर त्या घरासारखं मोकळं नाही’ असं म्हणालात तर त्यांनाही मान्य करायला सोपं जाईल. तरीही पटलं नाही, तर गावातल्या डॉक्टरांकडून किंवा आशाताईंकडून एकदा सांगून घ्या. घरच्या सुनेपेक्षा बाहेरच्या माणसाचं बोलणं अशा वेळी लवकर उतरतं.

याच ओघात बाळाच्या धुरीचंही सांगते. अंघोळीनंतर ओवा, वेखंड, लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून मुलीला धुरी देत असाल, तर ती बंद करा. पाच महिन्यांच्या फुप्फुसांना आणि शेजारी बसलेल्या दम्याच्या आजीला, दोघींनाही तो धूर घातक आहे. अंघोळ दुपारी बाराच्या सुमारास घाला, अंग आणि जावळ लगेच कोरडं पुसा आणि थोडा वेळ उन्हात घेऊन बसा. धुरीचं सगळं काम ऊन करतं.

शेकोटी मात्र सोडू नका. ती अंगणात असू द्या, पडवीतही नको. संध्याकाळी सगळ्यांनी हात-पाय चांगले शेकावेत, अंगात ऊब भरली की सरळ अंथरुणात शिरावं, आणि निखारे पाणी मारून तिथंच विझवावेत.

आता घराकडे वळू. तुमच्या भागात थंडीच्या दिवसांत दुपारी २७-२८ अंश असतात आणि पहाटे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा कडाक्याच्या लाटेत ५ अंशांच्याही खाली उतरतो. म्हणजे दिवसा तुमच्याकडे ऊब फुकट आणि भरपूर आहे, रात्री ती टिकत नाही. तीन माणसं खोलीत झोपली की त्यांच्या अंगाचीही ऊब असते, झोपलेलं मोठं माणूस साधारण ७०-८० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सोडत असतं. हे सगळं वर जातं आणि पत्र्यातून निघून जातं. थर्माकोलशी तुलना केली तर लोखंड हजारपटीहून अधिक सहज उष्णता पुढे नेतं. त्यात आभाळ निरभ्र असलं की पत्रा आपली उष्णता थेट मोकळ्या आकाशाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. तुमच्या श्वासातली, स्वयंपाकातली वाफ त्या गार पत्र्याला लागते आणि तिचे थेंब अंथरुणावर पडतात. ढगाळ रात्री कमी गारठा वाटतो तो याच कारणानं, आणि बागाईतदाराला हे वेगळं सांगायला नको. आभाळ स्वच्छ झालं, वारा पडला की बागेत शेकोट्या पेटवायची आणि पहाटे ठिबक सोडायची तयारी तुमचे मालक करतच असतील.

म्हणून खर्च करायचाच तर पहिला रुपया छतावर करा. हीटरवर नको, जाड पडद्यांवर नको. पत्र्याखाली दुसरं छत हवं, दोघांच्या मध्ये हवेची वीतभर पोकळी सोडून. स्थिर हवा उष्णता फार हळू जाऊ देते, आणि ती विकत घ्यावी लागत नाही.

हे घरच्या घरी करता येतं. द्राक्षाच्या मांडवाची जुनी तार तुमच्याकडे पडलेली असेलच. भिंतीत खिळे किंवा हूक ठोकून ती आडवी-उभी ताणा, दोन तारांत दीड-दोन फूट अंतर ठेवा आणि ताण असा धरा की मध्ये झोळ पडणार नाही. दुकानात हवेच्या फुग्यांची, चंदेरी थराची शीट मिळते, पोल्ट्री आणि शेडसाठी वापरतात ती. ती तारांवर पसरून कडा भिंतीला लाकडी पट्टीनं दाबून बसवली की काम झालं. दोन शीट जिथे जोडाल तिथे चिकटपट्टी लावा, कारण एवढ्याशा फटीतून वर गेलेली गरम हवा परत येत नाही. तेवढेही पैसे नसतील तर द्राक्षाच्या पॅकिंगचे पुठ्ठ्याचे बॉक्स उलगडून दोन थर लावा, सांधे एकावर एक येऊ देऊ नका, आणि खालून जुन्या लुगड्यांचं किंवा गोणपाटाचं अस्तर शिवून घ्या. पुठ्ठ्यावर पत्र्याचे थेंब पडून तो कुजेल, म्हणून वरून शेततळ्याचा उरलेला प्लॅस्टिकचा कागद एका बाजूला उतार देऊन पसरा, म्हणजे पाणी भिंतीकडे वाहून जाईल.

पुठ्ठा, गोणपाट, थर्माकोल, सगळंच पेट घेतं. चूल याच खोलीत असेल तर तिच्या डोक्यावर आणि आजूबाजूला हे छत अजिबात नेऊ नका, शक्य असेल तर चूल पडवीत हलवा. बल्ब आणि वायरीही त्याला टेकू देऊ नका. पत्र्यावर पाचट टाकायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका, शेकोटीची एक ठिणगी उडाली तर घर जाईल. उंदरांचा उपद्रव होणारच, तेव्हा अधूनमधून कडा तपासाव्या लागतील. मालक या खर्चाला कुरकुरले तर त्यांना सांगा की हेच छत एप्रिल-मेमध्ये पत्र्याची धग अडवेल. एका खर्चात दोन्ही ऋतू निघतात. पुढे कधी पत्रा बदलायची वेळ आली तर साध्या पत्र्याऐवजी मध्ये फोम भरलेलं पफ पॅनेल बसवण्याचा विचार करा. ते महाग असतं, म्हणून आत्ता त्याच्या मागे लागू नका.

छतानंतर फटी. पत्र्याच्या पन्हळी भिंतीवर जिथे टेकतात तिथे ओळीनं भोकं राहतात, दिवसा आत उभं राहून वर पाहिलंत तर उजेडाची रांग दिसेल. थंडीतला वारा तुमच्याकडे बहुतेक उत्तरेकडून येतो, म्हणून उत्तर आणि पूर्वेकडची भोकं आधी बुजवा. चिंध्यांचे बोळे घालून वरून सिमेंट किंवा माती लिंपली की पुरे. दाराखाली जुन्या पँटच्या पायात वाळू भरून शिवलेली लोळी आडवी टाका. दक्षिणेला, वरच्या बाजूला हातभर लांब आणि चार बोटं उंच एवढी एक जागा मात्र मोकळीच ठेवा. चार माणसांच्या श्वासाची वाफ बाहेर जायला तेवढी वाट हवी, नाहीतर ओल धरेल, भिंतींना बुरशी येईल आणि सासूबाईंचा दमा उसळेल. फटी बुजवल्यावर शेगडीचा धोका आणखी वाढतो, हे वेगळं सांगायला नको. घरात शेगडी शिरणार असेल तर यातलं काहीही करू नका.

दिवसाचं ऊन घरात घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तिकडची खिडकी आणि दार अकरा ते साडेतीन सताड उघडं ठेवा. दक्षिणेच्या भिंतीला लागून कडबा किंवा क्रेट रचलेले असतील तर हलवा, त्या विटांना ऊन लागू द्या, रात्री त्याच थोडी ऊब परत देतील. चार वाजले की सगळं बंद. दिवेलागणीपर्यंत थांबलात तर साठवलेलं सगळं गेलं. गाद्या आणि गोधड्याही रोज उन्हात टाका आणि याच वेळी आत घ्या, कारण त्यानंतर कापसात दंव शिरतं आणि दमट गोधडी कितीही जाड असली तरी गारच लागते.

खरी ऊब अंथरुणात करायची आहे. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात किमान १८ अंश असावेत असं म्हणते. तुमच्या खोलीत छत बांधल्यावरही कडाक्याच्या पहाटे तेवढं राहील असं मला वाटत नाही. म्हणून पूर्ण खोलीऐवजी तीन माणसं झोपतात तेवढी जागा धरा. लोक चार गोधड्या अंगावर घेतात आणि खाली एक पातळ सतरंजी टाकतात, तिथेच चुकतं. अंगाखालची गोधडी वजनानं दबते, तिच्यातली हवा निघून जाते, म्हणून खाली जास्त थर लागतात. शहाबादी फरशीवर झोपत असाल तर आधी प्लॅस्टिकची चटई, तिच्यावर गोणपाटाचे दोन थर, मग गादी आणि गादीवर एक घोंगडी. सासूबाई बाजेवर झोपत असतील तर बाजेच्या पट्ट्यांमधून खालची गार हवा थेट पाठीला लागते. तिथे पुठ्ठा आणि गादी दोन्ही घाला आणि बाजेच्या कडेनं जमिनीपर्यंत चादर सोडा. मच्छरदाणीच्या चौकटीवर जुन्या साड्या टाकून तीन बाजूंनी आडोसा केलात तर आत दोन-तीन अंशांचा फरक सहज जाणवेल. एक बाजू उघडी ठेवा.

सासूबाईंच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवा, फडक्यात गुंडाळून आणि बूच दोनदा तपासून. पिशवी नसेल तर चुलीजवळ तापवलेली वीट गोणपाटात गुंडाळली तरी चालते. त्यांना मधुमेह असेल, पायांना बधिरपणा असेल, तर झोपायच्या आधी अंथरूण गरम करून ती काढून घ्या. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. पायात लोकरी मोजे, डोक्याला कानटोपी, आणि पहाटे बाहेर पडायचं झालं तर नाकावर मफलर. रात्री लघवीला अंगणापलीकडे जावं लागत असेल तर तुम्ही खोलीतच कोपऱ्यात भांड्याची सोय करा. गरम अंथरुणातून एकदम गारठ्यात जाणं वृद्धांच्या रक्तदाबाला आणि दम्याला सोसत नाही. उठायचंच झालं तर आधी दोन मिनिटं बसून, शाल ओढून, मग उठावं. आणि थंडी म्हणून त्या पाणी प्यायचं टाळत असतील, त्यांना कोमट पाणी देत राहा. पंप किंवा इनहेलर असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवायचा, बरं वाटतंय म्हणून सोडायचा नाही.

मुलीला मोठ्यांच्या गोधडीत शिरवून झोपवणं टाळा. रात्री गोधडी तोंडावर येते आणि आई दमलेली असते. तिला अंगावर नीट बसणारे थर द्या: सुती झबलं, वर फ्लॅनेल, वर स्वेटर, पायमोजे आणि टोपरं. मोठ्या माणसाला लागतील त्यापेक्षा एक थर जास्त, एवढं पुरतं. हात-पाय गार लागले तरी घाबरू नका, मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे गार लागलं तर थर वाढवा, घाम असेल तर कमी करा. ती आता पालथी पडू लागली असेल, म्हणून हात आवळून गुंडाळू नका. गरम पाण्याची पिशवी तिच्या जवळ नको. फार गारठली असं वाटलं तर छातीशी धरून अंगाला अंग लावा आणि वरून तुमची शाल घ्या. याहून चांगला हीटर तिच्यासाठी नाही. अंग गार पडून ती सुस्त झाली, दूध ओढेनाशी झाली, तर वाट न बघता दवाखाना.

तुमचा हीटर २००० वॅटचा असेल तर तो तासाला दोन युनिट घेतो. रात्रीचे आठ तास चालवलात तर १६ युनिट, महिन्याला ४८०. पत्र्याखाली छत नसताना यातली बरीचशी वीज आभाळाला जाते. शिवाय तो जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, साध्या एक्स्टेन्शन बोर्डाला ते झेपत नाही, फ्यूज उडतो तो म्हणूनच. फ्यूजमध्ये जाड तार घालून तो दणकट करायचा उपाय कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा, वायर भिंतीतच जळेल. वायरमनकडून १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या आणि झोपायच्या आधी अर्धा तास चालवून बंद करा. त्यावर ओले कपडे वाळत घालू नका. सासूबाईंसाठी आयएसआय खुणेची इलेक्ट्रिक चादर घेता आली तर मला ती हीटरपेक्षा पसंत आहे. १०० वॅटची चादर तासाभरात एक दशांश युनिट खाते. झोपायच्या आधी अंथरूण तापवायचं आणि अंग टाकण्याआधी बंद करायची. तिला घडी घालून वापरू नये, आणि बाळाच्या अंथरुणात ती नको.

मालक रात्री पाणी भरून परततात तेव्हा पाय ओले, कपडे दमट असतात. सुके कपडे, मोजे आणि थर्मासमध्ये गरम चहा पडवीतच ठेवा, ओल्या कपड्यांनी त्यांनी खोलीत येऊ नये. ओल खोलीत आली की सगळ्यांनाच गारठा. ते बाहेर असताना पडवीचा दिवा चालू राहू द्या आणि फोन दोघांच्याही हाताशी असू द्या.

एक साधा खोलीत टांगायचा थर्मामीटर आणा. छत बांधायच्या आधी दोन-तीन पहाटे खोलीतला आकडा लिहून ठेवा, बांधल्यावर पुन्हा लिहा, म्हणजे खर्चाचं चीज झालं की नाही ते घरातल्या सगळ्यांना दिसेल. आणि हवामान खात्यानं थंडीच्या लाटेचा इशारा दिला, किंवा खोलीतला पारा १० च्या खाली जाऊ लागला, तर तेवढ्या रात्री सासूबाईंना आणि मुलीला घेऊन दिरांच्या स्लॅबच्या घरी झोपायला जा. त्यांना आजच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी संकोच वाटणार नाही. बागेसाठी मालकांना थांबावं लागेल, तुम्हा तिघींना थांबायचं कारण नाही.